हातात बसेल असं पिस्तूल

तलासरी, ६ ऑगस्ट २०१७

ती. दादास, मनूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र. ह्यांना अर्धांगवायू होऊन वाचा गेली, तेव्हापासून शाळा, स्वयंपाक आणि ह्यांना उठवणं-बसवणं एवढंच चाललंय. दमले रे दादा. झोपूनही जात नाही असा थकवा.

रविवारी सकाळी शेजारची वर्षा ह्यांच्याजवळ बसते, तेवढ्यात मी वापीच्या क्लबात एअर पिस्तूल शिकायला जाते. हसू नकोस. शाळेतल्या मुलींना घेऊन गेले होते, तर तिथं शिकवणाऱ्या कविताबेननं माझ्याही हातात दिलं. समोरच्या काळ्या गोलाकडे बघताना डोक्यात दुसरं काही राहत नाही. आठवड्यात तेवढाच वेळ माझा. रोज घरी सराव करायला स्वतःचं घ्यावं म्हणते. कोणतं घेऊ?

वहिनींना नमस्कार. आठवण ठेव.
मनू


घोलवड, ११ ऑगस्ट २०१७

चि. सौ. मनूस, अ. उ. आ.

पन्नाशीत पिस्तूल! दरोडा घालणार आहेस की मुख्याध्यापकांचा काटा काढणार? असो. वाडीत वटवाघळं हाकलायला माझ्याकडे छर्ऱ्याची बंदूक आहे, तेव्हा यातलं मला कळतं. चांगलं जड, स्प्रिंगचं घे. हलकं म्हणजे जत्रेतलं खेळणं.

चिकूच्या पेट्या भरायची घाई आहे, पण खंडेनवमीला नक्की येतो. दर्शनरावांना सांग. जिवाला जप.
दादा


तलासरी, ३ ऑक्टोबर २०१७

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं नाही, हे तू बघितलंसच. स्प्रिंगचं ताणायलाच माझा खांदा भरून आला. तो आधीच ह्यांना उचलून गेलाय. शिवाय ते सुटताना उसळतं. मग लिव्हर दाबून हवा भरायचं, हलकं घेतलं. कविताबेन म्हणाली, दिसण्यावर जाऊ नका. डोळे मिटून हात उचला, मग उघडा. उघडले तर नेम गोलावरच होता. मूठ हातात बसली होती.

आणि तू नवमीला काय केलंस? हळदकुंकू, फूल, इथवर ठीक. मी स्वयंपाकघरात असताना कोयत्याला घालतोस तसं खोबरेल नळीत ओतलंस! आतलं रबर गेलं, हवा टिकत नाही. रविवारी छर्रा कागदापर्यंतसुद्धा पोचला नाही. मी तिथेच, परक्या माणसांसमोर रडले. ह्यांना झटका आला तेव्हाही अशी रडले नव्हते. घरी येऊन सांगितलं, तर ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

रागावले नाही. रागवायलाही अंगात ताकद लागते. आता ते विकून टाकते, शिकणंही बंद. माझ्या नशिबात नाही म्हणायचं.

माया कमी करू नकोस.
मनू


घोलवड, ७ ऑक्टोबर २०१७

चि. सौ. मनूस, आशीर्वाद.

विकलंस तर याद राख. मी वापीला जाऊन आलो. कविताबेननं माझी चांगली हजेरी घेतली. रबर बदलून मिळेल, तोवर क्लबाचं वापर म्हणाली. उद्यापासून दर रविवारी दर्शनरावांजवळ मी बसेन. दाढी, आंघोळ, चहा सगळं करीन. बिचाऱ्या वर्षाबाईंनाही सुट्टी.

एक सांगायची लाज वाटते. मी तेल ओतत होतो, तेव्हा दर्शनराव बरा हात पलंगावर आपटत होते. मला वाटलं, तहान लागली. पाणी पाजलं. पुन्हा आपटायला लागले, तर उशी सारखी केली. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हटलं, सणाचा दिवस, जीव भरून आला असेल. ते पुसलं आणि उरलेलं तेलही ओतलं.

तू रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर भिंतीवर नेम धरून सरावाला उभी राहायचीस ना? ते सगळं बघत होते गं. ते तुझ्यावर रुसलेले नाहीत, मनू. त्यांना तुझं पिस्तूल वाचवता आलं नाही.

हे पत्र वाडीतल्या गड्याबरोबर आजच पाठवतोय, मी सकाळच्या गाडीनं निघतो. मी आल्याशिवाय त्यांना उचलू नकोस.
दादा