वहिनीच्या आधी तू

प्रिय दादा,

"दोष असेल तर हिच्यातच असेल," असं तू वहिनीसमोर म्हणाला होतास. तेव्हापासून मूल का होत नाही म्हणून तिच्या रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, सगळं झालं. आता भूल देऊन पोटाची दुर्बिणीची तपासणी ठरली आहे. तुझी मात्र एकही नाही.

आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आम्हा दोघांनाही तपासलं. ह्यांच्या वीर्यात शुक्राणू कमी निघाले. "शाळेतसुद्धा इतके कमी मार्क नव्हते गं!" हे म्हणाले. आम्ही हसलो, मग थोडं रडलोही. उपचार सुरू झाले, आणि परवाच्या रिपोर्टमध्ये आकडा चांगला वाढलाय!

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. तू उडवूनच लावशील. तरी दादा, तुला ना सुई, ना भूल, नुसती नमुन्याची एक डबी. वहिनीला भूल देण्याआधी एकदा जाऊन ये ना.

तुझी,
धाकटी