विहिरीसाठी घेतलेला फ्लॅश

तात्या, पुनावळ्याची आपली विहीर बुजवणार आहेत. रस्त्याकडेचा शेवटचा तुकडा विकला, तुमच्या थोरल्या लेकाने सही केली, मीही केली, आणि दिवाळी झाली की बिल्डरची माणसं तिच्यात मुरूम ओतणार. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात सगळे तुमच्याबद्दल चांगलंच बोलतात. मी नाही. मला तुमचा अजून राग येतो, आणि विहिरीचं कळलं तेव्हाही आधी रागच आला, वाईट नंतर वाटलं.

लहानपणीची ती मे महिन्याची सुट्टी अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही थोरल्याच्या पाठीला रिकामा डबा बांधताय, कमरेला कासरा, आणि तो नको नको म्हणत असताना त्याला काठावरून ढकलताय. त्याच्या नाकातोंडात पाणी जातं, तुम्ही हसता. मी विचारते, मी कधी? "पोरीच्या जातीनं हिरीत उतरायचं न्हाई. कापडं धर त्याची." सुट्टी संपेपर्यंत तो सराईत पोहायला लागला आणि मी कपडे धरण्यात पटाईत झाले. वर येऊन तो सांगायचा, पाण्याखाली एक कोनाडा हाय, त्यात दगडाचा नाग हाय, मी हात लावला. खरं आहे का, म्हणून तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "तुला काय करायचंय?" ते मी गिळलं, पण ते कधी पचलं नाही. आणि ती खंडेनवमी. कोयता, पाने-पक्कड, थोरल्याचा मापं घ्यायचा व्हर्निअर असं सगळं मांडून तुम्ही हळदकुंकू लावत होतात. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, म्हणून माझा ड्रॉइंगचा ड्राफ्टर मधे ठेवला. तुम्ही तो उचलून माझ्या हातात दिलात. "ही हत्यारं हायती. तुझं शाळंचं सामान आत ठिव." त्या शाळेच्या सामानावर मी आज चाकणला पत्रा दाबायच्या प्रेसचे साचे डिझाइन करते.

पोहायला मी लग्नानंतर शिकले, महापालिकेच्या तलावात, कमरेएवढ्या पोरासोरांच्या रांगेत उभी राहून. मग कंपनीतल्या एका मैत्रिणीच्या नादाने मालवणला पाठीवर सिलिंडर लावून समुद्रात उतरायला लागले. खिशात मावेल असा कॅमेरा घेतला आणि त्याला पाणी न शिरणारी पेटी. विहीर बुजायच्या आत मला त्या कोनाड्याचा फोटो हवा होता. नाग आहे की नाही, ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. मैत्रीण सोबत उतरायला तयार झाली. अडचण उजेडाची होती. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश भिंगाला चिकटून असतो. गढूळ पाण्यात तो उडवला की मधला गाळच उजळतो आणि फोटोभर पीठ सांडल्यासारखे ठिपके येतात. त्यासाठी स्ट्रोब लागतो, म्हणजे लांब दांड्यावर बसवलेला वेगळा फ्लॅश. कॅमेऱ्याची चमक उजेड वाहून नेणाऱ्या एका केबलमधून स्ट्रोबच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे त्याच्या सेन्सरपर्यंत पोचते, ती दिसली की तो पेटतो आणि बाजूने उजेड टाकतो.

मुंबईच्या एका दुकानात फोन केला. "मॅडम, सर कुठे डायव्हिंग करतात?" मी म्हटलं, सर घरी भाजी चिरतायत, डायव्हिंग मी करते, आणि आता विहिरीत करणार आहे. त्यावर तो दुकानातला सगळ्यात मोठा स्ट्रोब माझ्या गळ्यात मारायला निघाला. पुढे कॅमेरा मोठा घेतलात की हाच चालेल म्हणे. मला वाटलं तुम्हीच बोलताय, दरवर्षी दोन मापं मोठे बूट आणणारे. अहो, माझा कॅमेरा एवढासा, त्या धोंड्याने तो पाण्यात एका अंगाला कलंडला असता. मला हवा होता छोटाच, पण उजेड रुंद पसरवणारा, कारण त्या पाण्यात दोन हातांपलीकडचं काही दिसणारच नव्हतं. त्याचा जोर मला हाताने कमीजास्त करता यायला हवा होता. शिवाय कॅमेऱ्याचा फ्लॅश खऱ्या उजेडाआधी एक बारीक चमक टाकतो, तिला फसून आधीच पेटणारा नको होता. "एवढं कशाला बघताय मॅडम, ऑटोवर टाका आणि विसरून जा." सप्लायरला झाडते तसं त्याला झाडलं आणि मला हवा होता तोच घेतला.

उतरायचं ठरलं दसऱ्याला, कारण त्या दिवशी थोरल्याचं वर्कशॉप बंद असतं. आदल्या दिवशी खंडेनवमीला तो म्हणाला, "तायडे, तुझं हत्यार कुठंय? आण की." ड्रिल आणि पान्यांच्या मधोमध त्याने माझा कॅमेरा आणि स्ट्रोब मांडला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दुसऱ्या कुणाला गहिवरून आलं असतं. मला राग आला. एवढं सोपं होतं, तर तुम्हाला का जमलं नाही?

दसऱ्याला कमरेला दोर बांधून खाली गेले, बटण दाबलं, स्ट्रोब ढिम्म. पुन्हा दाबलं. नुसतं पीठ. वर येऊन पायरीला धरून मैत्रिणीला दाखवला, तर केबल बसते बरोबर तिथे, स्ट्रोबच्या डोळ्यावर, कुंकवाचा ठसठशीत टिळा, वाळून घट्ट झालेला. सकाळी चष्मा काढून केबल दाबली होती, मला दिसलाच नाही. काठावरून दोर धरलेला थोरला ओशाळून म्हणाला, "आगं, मला काय ठाव? कपाळासारखं दिसलं म्हनून लावलं." मी तिथेच पाण्यात तरंगत त्याला शिव्या घातल्या, आणि खरं तर त्या तुम्हाला होत्या. मैत्रिणीने केसातल्या पिनेने कुंकू खरवडून काढलं.

दुसऱ्या खेपेला तो पेटला. कोनाडा आहे, तात्या. नाग नाही. छिन्नीचे घाव आणि त्यात बसलेला एक खेकडा, डोळ्यांना काळपट दिसलेला, फोटोत नारिंगी. बाकी काही नाही. थोरल्याने फोटो पाहिला आणि हसून म्हणाला, "मी कधी पोचलोच न्हवतो गं तिथवर. तुला जळवायचं म्हनून सांगायचो." म्हणजे ज्याचा मी इतकी वर्षं हेवा केला, ते त्यानेही पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं होतं. विहीर आटली त्या वर्षी गाळ काढायला तुम्हीच उतरला होतात. नुसतं "नाग न्हाई गं तिथं" एवढं म्हणाला असतात तरी मला पुरलं असतं. पण माझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं असतं, हेच तुमच्या कधी डोक्यात आलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. त्या कोनाड्यासमोर फोटो काढताना मी मनात तयारी करत होते. वर तुम्ही उभे असाल, "कुनाला इचारून उतरलीस?" म्हणून ओरडाल, आणि मी तशीच ओलीचिंब तुमच्यासमोर उभी राहून भांडेन. सगळी वाक्यं पाठ होती. वर आले तर काठावर बघायला जमलेले घरचे सगळे टाळ्या वाजवत होते. कुणी ओरडलं नाही. मला तिथेच हुंदका फुटला. सगळ्यांना वाटलं, आनंदाने रडतेय, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं.