छमाहीचा इंग्रजीचा पेपर

सौंसर,
रविवार, १४ डिसेंबर १९८६

शकुंतला हिस,

उर्मिलाचा जयभीम. तुमच्या दारात इतक्यांदा उभी राहिले, पण तुझ्या आईला हा शब्द कधी म्हटला नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सावरगावला सासरी तुम्ही सगळे खुशाल असाल. इकडे थंडी चांगली पडली आहे. रामाकोन्याला आमचा संत्रा उतरतो आहे, कपाशीची वेचणी चालू आहे. बाबांना गुडघ्यांनी धरलंय. मी छिंदवाड्याला बी.एड. करते. सरावाचे पाठ घ्यायला कॉलेजनं सौंसरलाच पाठवलं, म्हणून महिनाभर मनकर्णाआत्याकडे राहते आहे.

शाळा आपलीच. वर्ग नववी, विषय इंग्रजी. खिडकीही तीच, फक्त गज रंगवलेत.

पहिल्या पाठाला मागच्या बाकावर आमच्या निरीक्षक मॅडम वही उघडून बसल्या होत्या. मी एका मुलीला धडा वाचायला सांगितलं. ती उभी राहिली, वेणी पुढे घेतली, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचू लागली. बुधवार आला तिथे ‘वेड-नेस-डे’ म्हणाली. एकेक अक्षर सुटं. असं म्हणणारी मला एकच मुलगी माहीत होती.

“व्हेरी गुड, शकुंतला. सिट डाऊन.”

वर्ग हसला. ती उभीच राहिली. “मी सुशीला आहे मॅडम. शकुंतला माही मोठी बहीण. माहेरी आली का तिच्या जुन्या पुस्तकातून शिकवते मले. तुमाले कशी माहीत ते?”

मी फळ्याकडे वळले. पुढचा शब्द आठवेना. पाठ अर्ध्यात खंडला, असा शेरा मॅडमनी लिहिला.

तू शाळेतून गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची, तुझ्या कडेवर असायची. त्या पहिल्या पाठापासून रोज हेच चाललं. मी पंचविशीची झाले आणि तू चौदाचीच राहून समोर बसतेस. हजेरी घेताना तिच्या नावाच्या जागी तुझंच नाव तोंडात यायचं. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात वह्या तपासत असले तरी मान वर करवत नसे. वाटायचं, तू बसली असशील, आणि या वेळी विचारशील.

बुधवारी छमाहीचा इंग्रजीचा पेपर होता. आम्हा बी.एड.वाल्यांना देखरेखीला लावलं. वर्गात गेले तर सुशीलाचा बाक सगळ्यांपासून वेगळा, भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. मी पुंडलिकराव सरांना विचारलं. तेच अजून इंग्रजीला आहेत.

“तुळशीरामची पोट्टी आहे ते,” सर म्हणाले. “हिच्या बहिणीनं नकल केली होती, पंच्याहत्तरच्या छमाहीत. तुमच्याच वर्गात तर होती! रक्तच तसं असते. पेपर द्याच्या आधी हिची झडती घ्या.”

“सगळ्यांचीच घेऊ?”

“हिचीच.”

आणि मी घेतली, शकू. जवळ गेले तर मी काही म्हणायच्या आत तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. सवय होती तिला.

आता लिहिते. अकरा वर्षं लिहिलं नाही ते.

ती चिठ्ठी माझी होती. तुला ठाऊक आहे, पण मी कधी तोंडानं म्हटलं नाही. गाइडातला अर्जाचा नमुना मी उतरवून आणला होता. सर मागून येताना दिसले तशी ती खाली टाकली आणि पायानं तुझ्या बाकाखाली सरकवली. सरांनी ती उचलून विचारलं, “कोणाची?” तू माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या पेपरात पाहिलं. सरांनी तुझा दंड धरून तुला बाहेर काढलं तेव्हाही मी लिहीतच होते. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क मिळाले.

तू मैत्रीपायी गप्प राहिलीस, असं मी स्वतःला सांगत आले. तुळशीरामकाका आमच्या बगिच्यात कामाला होते. तू माझं नाव घेतलं असतंस तर दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर कोणी ठेवलं असतं? हे तुला तेव्हा कळत होतं. मला ते सुशीलाचे पसरलेले हात पाहून कळलं. काकांनी शाळेतून तुझं नाव काढलं, तू वेचणीला गेलीस, वर्षभरात तुझं लग्न झालं. मी त्या लग्नात जेवून आले.

पेपर सुटल्यावर मास्तरांच्या खोलीत गेले. मॅडम तिथेच होत्या. म्हटलं, “सर, पंच्याहत्तरची ती चिठ्ठी माझी होती. शकुंतलानं काहीच केलं नव्हतं.”

सरांनी आधी दार लोटलं. मग म्हणाले, “अकरा वर्षं झाली बाई. आता काहून उकरून राहिली? तुझ्या बाबांच्या, रघुनाथरावांच्या नावाचा तरी विचार कर.”

मी तिथेच बसून सगळं लिहून दिलं. सरांनी कागदाला हात लावला नाही, मॅडमनी घेतला. माझे उरलेले पाठ थांबवलेत. वर्ष जाईल बहुतेक. पण शुक्रवारच्या पेपराला सुशीलाचा बाक ओळीत होता आणि तिची झडती कोणी घेतली नाही.

तिलाही सांगितलं, शाळेच्या नळापाशी. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“ताईले माहीत होतं? तुमची होती म्हणून?”

“हो.”

“मंग ते तर तुमचं नाव चांगलंच घेते. म्हणते, उर्मिला माही पक्की मैत्रीण होती.”

ओंजळ धरली होती, ती तशीच सोडून पाणी न पिता निघून गेली. आता समोर आली तरी पाहत नाही. तिचं बरोबर आहे.

काल बाबा इथे आत्याकडे आले, तेव्हा त्यांना सांगितलं. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत. उद्या गाडीनं रामाकोन्याला जाऊन तुळशीरामकाकांसमोर उभी राहणार आहे. ते काय म्हणतील माहीत नाही, पण ऐकून घेईन.

माफी मागत नाही. ती दिल्यानं तुझी नववी परत येत नाही, आणि देण्याचं ओझं तुझ्यावरच पडेल. उत्तर लिहावंसं वाटलं नाही तर नको लिहू. फक्त हे पत्र जपून ठेव. सासरी, माहेरी, शाळेत, जिथे कोणी तुझ्याबद्दल किंवा सुशीलाबद्दल तोंड उघडेल तिथे वाचून दाखव. त्यासाठीच खाली पूर्ण नावानं सही करते आहे.

उर्मिला रघुनाथराव घागरे
मु. रामाकोना, तहसील सौंसर