बाईंनी पास केलेली मुलगी

लाडक्या धाकटीस,

मी ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

इथे हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझ्या हाताखाली माझीच एक जुनी विद्यार्थिनी आहे. मी शाळेत शिकवत होते तेव्हा दहावीला तिच्याकडून उत्तरं घोकून घेतली आणि ती पास झाली. परवा तिने डब्यावरची सूचना न वाचता दोन रसायनं एकत्र ओतली. धुराने आम्हा दोघींचा जीव घुसमटला. आता ती बरी आहे. मला थोडा खोकला उरलाय, आईला सांगू नकोस.

"अगं, आपल्या भाषेतही लिहिलं होतं! वाचलं का नाहीस?"

"बाई, तुम्ही पाठ करून घेतलंत. वाचून समजायला कुठे शिकवलंत?"

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं.

यंदा दहावीचा वर्ग तुझ्याकडे आहे ना? निकाल थोडा घसरला तरी घसरू दे. पण अनोळखी कागद वाचून त्याचा अर्थ सांगता आल्याशिवाय एकीलाही शाळेतून सोडू नकोस. मी सोडलं.

तुझी,
ताई