कळलावीचे आठ दिवस

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बंगळूरहून हरिणीचं पार्सल आलं. जलरंगांची पेटी, बारा वड्या – ९८०. कुंचले तीन – ४५०. जाड कागदाची वही – ६२०. पोस्टखर्च निराळा. दोन हजारांच्या वर! पावती काढून टाकायची विसरली पोरगी, की मुद्दाम ठेवली कोण जाणे. फोन करून रागावले. म्हणाली, "आई, कॅलेंडरच्या पाठीवर चित्रं काढणं आता पुरे."

कुंचल्यांचे केस कसले ते विचारून घेतलं. प्राण्याचे असले तर सोवळ्यात जवळ ठेवता येत नाहीत. नायलॉनचे आहेत म्हणे. बरं झालं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

नियम केला आहे – टोपल्या दोन. देवाच्या फुलांची वेताची, कागदाच्या फुलांची प्लास्टिकची. चित्र काढायचं तर फूल नाकाशी धरावं लागतं, आणि वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही. एकदा चूक झाली की झालीच.

आज परसातलं गोकर्ण काढलं. पाकळीच्या मुळाशी जो पांढरट डाग असतो तो रंगवायचा नाही, कागद तसाच सोडायचा – हे तीन कागद फुकट गेल्यावर कळलं. त्यांच्या मागच्या बाजू वापरीन.

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून खंड्याचा फोटो, हरिणीच्या जुन्या फोनवर. कालव्यावरच्या तारेवर बसतो रोज. याही फोटोत गज आलाच. माझ्या एकूण एक पक्ष्यांच्या अंगावर गजाची रेघ आहे.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दिव्यश्रीचं पत्र! कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते ती. नवरात्रात कोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या, बघायला आली होती, आणि बाहुल्या सोडून पायऱ्यांशी टेकवून ठेवलेली माझी पानंफुलंच बघत बसली. लिहिते की कोडियक्करैच्या जंगलातल्या मूळच्या झाडांचं पुस्तक करताहेत. फोटो काढणारे पुष्कळ आहेत, हाताने काढणारं कुणी नाही. २० नोव्हेंबरपासून आठ दिवस, राहणं-जेवण तिथेच.

माझ्या वाट्याला कळलावी. इकडे तमिळमध्ये सेंगांदळ म्हणतात तिला. फूल उमलतं तेव्हा हिरवट, मग पिवळं, मग कडेनं तांबडं चढत चढत अख्खं लाल होतं. एकाच वेलापाशी रोज जाऊन बसायचं, रोजचा रंग टिपायचा. "फोटोवरून नको अम्मा, समोर बसून काढा," असं लिहिलंय. तिथे मोबाइल लागत नाही, म्हणून दहा तारखेच्या आत पत्रानेच कळवायचं.

चार वेळा वाचलं. मग डाळीच्या डब्याखाली ठेवलं.

२३ ऑक्टोबर, बुधवार

आठ रात्री.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "जा की. देवाला सांगून जा, आठ दिवस मेसमध्ये जेव म्हणावं." मग हसले. मीही हसले. काय करणार!

पूजा हे करतात. शाळिग्रामाला हात लावायचा तो यांनीच. पण नैवेद्य सोवळ्यात मी शिजवायचा. घरात शाळिग्राम असला की एक दिवससुद्धा तो शिजवलेल्या अन्नावाचून राहता कामा नये – सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, आणि जाताना पुन्हा सांगून गेल्या. त्यांना जाऊन सोळा वर्षं झाली. सोळा वर्षांत मी एक रात्र या घराबाहेर निजले नाही. लोकांना सांगताना मला याचा अभिमान वाटतो. आज लिहिताना वाटला नाही.

आई आजारी होती तेव्हा मदुरैला गेले होते. दहा वर्षं झाली. तिने हात धरून ठेवला होता. "आजची रात्र राहा गं," म्हणाली. यांचा फोन आला – सकाळच्या नैवेद्याचं काय? साडेतीनच्या बसने निघाले. तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पहाटे कळलं, गेली म्हणून. मी तेव्हा सोवळं नेसून चूल पेटवत होते.

२८ ऑक्टोबर, सोमवार

नकार कळवला. घरच्या अडचणीमुळे येता येत नाही, राग नसावा. यांनीच पेटीत टाकला. परत येऊन म्हणाले, "शहाणी आहेस."

संध्याकाळी हरिणीने पाठवलेल्या फोटोवरून कळलावी काढून पाहिली. तिला चढायला वेगळे ताणे नसतात. पानाचंच टोक वळतं आणि शेजारच्या काटकीला धरून ठेवतं. फोटोत ते टोक अंधुक आहे. किती घट्ट धरतं, दिसत नाही. चित्र मेलेलं आलं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार – दीपावळी

अभ्यंग, फराळ, यांच्या शाळेतले जुने मास्तर येऊन गेले. शेजारच्या राजम मामींना दरवर्षीसारखा एक डबा जास्तीचा दिला.

तो डबा देतानाच सुचलं! इतकं साधं कसं सुचलं नाही?

सासूबाई गेल्यावर पुढची दहा वर्षं, माझं महिन्याचं चालू होतं तोवर, ते तीन दिवस मी मागच्या खोलीत बसायची. ना देवघर, ना चूल. आमचं जेवण हे मेसमधून आणायचे. देवाचा नैवेद्य मात्र राजम मामी सोवळ्यात करून पाठवतात, असं सांगायचे. मी आभार मानायला निघाले तर म्हणाले, देवासाठी दिलेल्याचा उच्चार करू नये, देणाऱ्याचं पुण्य जातं. म्हणून तोंडाने कधी बोलले नाही. दीपावळीचा डबा जास्तीचा द्यायची, एवढंच.

तेव्हा महिन्याचे तीन दिवस केलं, तर आता एकदाच आठ दिवस करतील की! तांदूळ-तूप माझं. नकार गेलाय, पण दहा तारीख अजून लांब आहे.

पुण्याचा प्रश्न आहे. देवाची क्षमा मागून विचारीन.

३ नोव्हेंबर, रविवार

अक्षर वाकडं येतंय.

दुपारी राजम मामींकडे गेले. त्या माडीवर वडाम, आपल्या कुरडयांसारखे, वाळत घालत होत्या. मीही दोन रांगा घातल्या आणि मग विषय काढला. तुमचे उपकार आहेत मामी, एवढी वर्षं बोलले नाही, पण तेव्हा देवाला तुम्ही जो नैवेद्य पाठवायच्या...

"कोणता नैवेद्य?"

मी सांगितलं. त्या म्हणाल्या की तुमच्या घरी आमच्या हातचं देवाला चालतं हेच मला ठाऊक नाही. मग हसू लागल्या – "म्हणून होय ते जास्तीचे लाडू! मी आमच्या ह्यांना सांगायची, मराठी माणसं हाताने सढळ असतात."

मीही हसले असेन. जिना कसा उतरले आठवत नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

पूजा होईपर्यंत थांबले. नैवेद्य ठेवला, यांनी पाणी फिरवलं, घंटा वाजवली. मग विचारलं. ते तीन दिवस देव काय जेवायचा?

आधी म्हणाले, कधीची गोष्ट काढतेस. मग पाट सरकवला. मग म्हणाले, "दूध-साखर. दोन केळी."

"दहा वर्षं?"

"देव काही बोलला नाही."

थट्टेतच म्हणाले. नेहमीसारखंच. मी हसले नाही, तेव्हा खाली बघायला लागले.

मी म्हटलं, मग आईच्या वेळी? एक दिवस दूध-साखर चाललं नसतं?

आरतीचा कापूर विझून गेला. मग हळू म्हणाले, "तू नसलीस की हे घर खायला उठतं मला. देवाचं नाव घेतलं की तू ऐकतेस."

यांचं वय एकाहत्तर. गंध कपाळावर अजून ओलं होतं. मला दया आली. आईची बोटं आठवली आणि दया गेली. पुन्हा आली. दोन्ही आहेत. कुठल्याच रकान्यात बसत नाही हे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

देवाची टोपली भरली. मग पारिजातकाचं एक फूल प्लास्टिकच्या टोपलीसाठी वेचलं आणि मुद्दाम, पोटभर वास घेतला.

६ नोव्हेंबर, बुधवार

देवापुढे बसून बोलले. देवा, तू रागावला नव्हतास. दहा वर्षं महिन्याला तीन दिवस दुधावर राहिलास आणि घरात कुणाला ठेच लागू दिली नाहीस. मलाच कुणी सांगितलं नाही. तूही नाही.

यांना भात शिजवायला शिकवला. पाणी बोटाच्या पेरानं मोजायचं. दोनदा करपला. तिसऱ्यांदा मऊ झाला, पण झाला. विचारलं, "नाही जमलं एखाद्या दिवशी, तर?" मी म्हटलं, दूध कुठे ठेवलेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

हे तमिळ शाळेत शिकलेले; देवनागरी या घरात मला एकटीला वाचता येते, म्हणून ही वही उघडीच असते. आज यांनी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "माझ्याबद्दल काय लिहितेस?" म्हणाले. सांगितलं नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

आज मीच पोस्टात जाऊन टाकलं. स्पीड पोस्ट. मूळ तमिळमध्ये, नक्कल ही:

चि. दिव्यश्रीस अनेक आशीर्वाद. मागील पत्र रद्द समजावे. अडचण होती ती उरली नाही. जागा दुसऱ्या कुणाला दिली असल्यास जमिनीवर निजेन, कागद-रंग माझे मी आणीन. वीस तारखेला पहिल्या बसने येते. मला फक्त त्या वेलापाशी नेऊन बसवावे, आणि आठही दिवस स्वयंपाकघरात बोलावू नये. चालत असल्यास उलट टपाली कळवावे.