शेकाट्याचं घरटं

सोमवार, १४ मे २००७

तळ्याच्या काठावर आज भराव पडला. तिथे कॉम्प्युटर कंपनीची इमारत होणार. मी हटकलं, तर बिल्डरचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमच्याच पक्ष्यांच्या यादीत घरटी शून्य आहेत. एक दाखवा, ती बाजू सोडतो. उद्या आठला डंपर येतील."

यादी माझीच. दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही, हा आमच्या पक्षीनिरीक्षण गटाचा नियमही माझाच. गेल्या रविवारी गटातल्या शोभाने चिखलात शिरून शेकाट्याचं घरटं पाहिलं. चार अंडी. पण पाहणारी ती एकटीच. मी ती ओळ सगळ्यांसमोर खोडली. नियम चुकीचा आहे? नाही. मग ती ओळ खोडताना मला बरं का वाटलं?

आत्ता तिला फोन केला. "शोभा, ते घरटं मला दाखवशील?"

ती म्हणाली, "साडेसहाला या, बाई. आणि चिखलात चालतील असे बूट घाला. त्या दिवशीही मी हाक मारली होती. चपला खराब होतील म्हणून तुम्ही काठावरच थांबलात."

हे मी विसरले नव्हते. फक्त कुठे लिहिलं नव्हतं.