डच शब्द कुठे तोडायचा

१ जुलै २००७, रवि.
श्री.चा फोन. लग्नाला आठ महिने झाले, नवरा हॉलंडात, मी माहेरी नाशकात अण्णांकडे, आणि फोनवर नुसती शिकवणी. हॉस्पिटल म्हणजे झीकन्हाउस, जोर ‘झी’वर. बरं. मग नगरपालिकेचं स्टाट्हाउस, तर जोर शेवटच्या ‘हाउस’वर! दोन्ही जोडशब्दच ना? म्हणाला, असंच असतं. असंच असतं म्हणे. परीक्षा पास तरच व्हिसा, तीही तोंडी, दिल्लीच्या वकिलातीत बसून फोनवर, आणि ऐकणारा कॉम्प्युटर. त्याच्यापुढे हसून वेळ मारून नेता येत नाही.

५ जुलै
अण्णा रामकुंडावरची पूजा आटोपून आले, माझी घोकंपट्टी ऐकली. म्हणाले, आधी शब्द तोड, मग जोर बघू, आम्ही वेदपाठशाळेत हेच करायचो. फरब्लाइफ्सफरखुनिंग. तिथे राहायचा परवाना. ‘फर’ला हात खाली, ‘ब्लाइफ्स’ला वर. मीही हात हलवत म्हटलं. शेजारच्या काकूंना वाटलं घरात कसली शांत आहे. आधी हसू आलं, मग एकदम रडू. का, काय माहीत.

२२ जुलै, रवि.
श्री.ला म्हणून दाखवलं. जोर बरोबर, पण सत्यनारायण सांगतेयस की काय, म्हणाला. चिडले. खरं सांगायचं होतं ते वेगळंच. अण्णांची साखर वाढलीय, आई नाही, मी गेल्यावर त्यांचं कोण बघणार... तेवढ्यात त्याचं कार्ड संपलं.

१८ ऑगस्ट
दिल्लीहून परत. परीक्षेत हात मांडीखाली दाबून बसले होते. बरी गेली. की नाही? मला पास व्हायचंय का, तेच समजेना. अण्णांना विचारलं.
“नापास हो असं मी कसं म्हणू?” एवढंच बोलले आणि संध्येला बसले.

९ सप्टें.
पास. श्री. हवेत. तिकीट काढतो म्हणाला, आणि आता घरात डचच बोलायचं. भांडायचं कशात, ते विचारायचं राहिलं.

११ सप्टें.
अण्णा सकाळी म्हणाले, “मला एक वाक्य शिकव.”
कशाला, म्हटलं.
“मी फोन केला नि भलत्याच कुणी उचलला तर? माझी मुलगी आहे का, एवढं तरी विचारता आलं पाहिजे.”
इस माइन डॉख्टर दार. तुकडे पाडून दिले. देवाची भांडी घासताना तेच चाललंय. ‘डॉख्’ला हात वर जातो. स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं, पोळी करपली.
श्री. तिकिटाची तारीख विचारतोय. अजून काही कळवलं नाही.